वेड पांघरून पेडगावला : डॉक्टरांच्या पदव्या आणि रुग्णाची भाषा

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण मराठीचे अध्यापक वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. सगळे कळत असताना काहीच न कळल्याचा आव आणायचा आणि आपला कार्यभाग साधून घ्यायचा, हा त्याचा अर्थ. या वाक्प्रचारातले पेडगाव भीमेच्या काठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, बहादूरगडाचे. परंतु पेडगाव नावाचे आणखी एक गाव परभणी जिल्ह्यात आहे. त्याला ना किल्ला, ना वाक्प्रचारातले स्थान. मनमाडहून परभणीकडे येताना मानवत रोड मागे पडले की परभणीच्या अलीकडे हे लहानसे स्थानक लागते. गाडी थांबलीच तर क्षणभर थांबते आणि पुढे जाते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या पेडगावाच्या निमित्ताने लिहीत आहे. त्याचा विषय मात्र वाटतो तितका स्थानिक नाही. रुग्णालयात आपल्याला तपासणारा डॉक्टर कोठे शिकला, कोणत्या भाषेत शिकला आणि त्याच्या नावापुढची अक्षरे कोणी ठरवली, हा तो विषय आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर एका प्रसंगात आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका वृद्ध बाईंना घेऊन एका मोठ्या रुग्णालयात जावे लागले. तपासणारा तरुण निवासी डॉक्टर परप्रांतातला होता. हुशार होता, वागण्यात सौम्य होता, आणि कामचलाऊ मराठी शिकलेला होता. बाईंनी सांगितले, "डाव्या अंगावरून वारं गेल्यावानी झालंय." डॉक्टरांनी कागदावर स्त्रीरोग विभागाचे नाव लिहिले. 'अंगावरून जाणे' हा शब्दप्रयोग त्यांना कोणीतरी शिकवला होता आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. 'अंगावरून वारे जाणे' म्हणजे पक्षाघात, हे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. एका शब्दाचा फरक, आणि रुग्ण एका विभागातून दुसऱ्याच विभागात. आम्ही सोबत होतो म्हणून चूक लगेच दुरुस्त झाली. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. या तरुणाने साडेचार वर्षे अभ्यास केला, वर्षभर आंतरवासिता केली, त्यानंतर पदव्युत्तर प्रवेश मिळवला. या साऱ्या शिक्षणात रुग्णाच्या भाषेला जागा कोठे होती? आणि नसेल, तर ती कधी गेली? की कधी नव्हतीच?

इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधताना पेडगावचे स्थानक उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाड ते सिकंदराबाद असा सुरू झाला आणि गोदावरीच्या खोऱ्यातली ही गावे दोन शहरांना जोडली गेली. फलाटावर उभे राहिले की एक दिशा मनमाडमार्गे मुंबईची, दुसरी नांदेड–निजामाबादवरून हैदराबादची. या दोन्ही टोकांना पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले होते : मुंबईत १८४५ साली, हैदराबादेत १८४६ साली. भाषेच्या बाबतीत मात्र दोन्ही ठिकाणांनी अगदी वेगळे निर्णय घेतले. पेडगावचा रुग्ण या दोन निर्णयांच्या मधोमध उभा आहे.

*

आधी मुंबईची बाजू पाहू. मुंबईत 'नेटिव्ह' विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवण्याचा पहिला सरकारी प्रयोग ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जवळजवळ वीस वर्षे आधीचा आहे. १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक वैद्यकशाळा सुरू झाली. तेथे देशी भाषांमधून शिकवले जात असे आणि त्यासाठी मॅक्लेनन यांनी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे सिद्ध केली होती. ही शाळा १८३२ साली बंद करण्यात आली. कलकत्त्यातही हेच घडले. १८२२ साली स्थापन झालेली देशी भाषेतली वैद्यकसंस्था १८३५ साली मोडीत निघाली आणि तिच्या जागी इंग्रजीतून शिकवणारे मेडिकल कॉलेज आले. मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण १८३५ सालचेच आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. आपण त्या टिपणाचा विचार बहुधा काव्यशास्त्र आणि वाङ्मयाच्या संदर्भात करतो. त्याचा एक परिणाम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला, हे आपल्या ध्यानात येत नाही.

गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचे कॉलेज १८४५ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालयही. डॉ. चार्ल्स मोरहेड या संस्थेचे पहिले प्रमुख. त्यांचा आग्रह असा होता की विद्यार्थी इंग्रजीत निष्णात असावा, त्याने शवविच्छेदन स्वतः करावे आणि रुग्णाच्या खाटेशी बसून शिकावे. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. डॉ. भाऊ दाजी लाड हे तीतले सर्वांत प्रसिद्ध नाव. त्या वेळी मुंबई विद्यापीठ अस्तित्वात नव्हते. ते १८५७ साली आले. त्यामुळे या पदवीधरांच्या नावापुढे जी अक्षरे लागली ती कॉलेजचीच होती : जी. जी. एम. सी., म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर. भाऊ दाजींना आपण प्राचीन लेखांचे वाचक, संस्कृत विद्येचे संशोधक म्हणून ओळखतो. ते मुळात या अक्षरांचे धनी होते, आणि कुष्ठरोगावर देशी वनस्पतींतून औषध शोधण्याचा त्यांचा प्रयत्न त्या काळी गाजला होता. इंग्रजी शिक्षणाने त्यांना देशी ज्ञानापासून तोडले नाही, ही गोष्ट येथेच नोंदवून ठेवू.

पुढे विद्यापीठाच्या परीक्षा आल्या आणि अक्षरे बदलली. एल. एम., नंतर एल. एम. अँड एस., विसाव्या शतकाच्या आरंभी एम. बी. बी. एस., आणि सर्वांच्या वर एम. डी. मुंबई विद्यापीठाच्या सुरुवातीच्या एम. डी. पदवीधरांपैकी एक डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे. पाश्चात्त्य वैद्यकातली सर्वोच्च पदवी घेतलेल्या या गृहस्थाने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'ची आवृत्ती संपादित केली. वाग्भटाने रुग्णपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पाहणे आणि हात लावणे यांना भाषा लागत नाही. तिसऱ्या साधनाला मात्र भाषेवाचून अस्तित्वच नाही. कुंट्यांच्या मनात या दोन विद्यांचा संवाद कसा चालत असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

परंतु मुंबईच्या इतिहासातली आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना वेगळीच आहे. १८६१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात देशी भाषांचा वर्ग सुरू झाला. त्यात मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा होत्या. म्हणजे आधुनिक वैद्यक मराठीतून रीतसर शिकवले गेले आहे, आणि तेही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी. या काळात मराठीत वैद्यकाची पुस्तके झाली. ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन करणारे आणि रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून सामाजिक इतिहासात परिचित असलेले डॉ. सखाराम अर्जुन हे अशा लेखकांपैकी एक. १८७८ साली पुण्यात बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल निघाले आणि कनिष्ठ श्रेणीच्या वैद्यकीय नोकरांचे शिक्षण तेथे होऊ लागले.

'कनिष्ठ श्रेणी' हे दोन शब्द येथे निर्णायक आहेत. इंग्रजीतून शिकलेला पदवीधर असिस्टंट सर्जन होणार, आणि देशी भाषेतून किंवा मेडिकल स्कुलातून आलेला हॉस्पिटल असिस्टंट. पगार वेगळा, मान वेगळा, बढतीची वाट वेगळी. याच्याही वर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी. त्यांची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून लंडनला होत असे. मराठीला वैद्यकात प्रवेश नाकारला गेला नव्हता. तिला प्रवेश मिळाला, पण मागच्या दाराने आणि खालच्या पायरीवर. पारिभाषिक शब्दांच्या अभावामुळे मराठीतून वैद्यक शिकवता येत नाही, असे आज सर्रास म्हटले जाते. इतिहास काही निराळेच सांगतो. शब्द घडत होते, पुस्तके निघत होती. नव्हती ती प्रतिष्ठा. ज्या भाषेत शिकल्याने माणूस आयुष्यभर दुय्यम ठरतो, त्या भाषेत कोण शिकेल? विद्यार्थ्यांनी इंग्रजीची वाट धरली यात त्यांचा दोष नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीत ही उतरंड आणखी उघड दिसते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली एम. डी. पदवी मिळवली ती पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, परंतु रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्यांचे पुण्यात निधन झाले. रखमाबाई लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथील रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ काम केले. ग्रँट मेडिकल कॉलेजने १८८३ पासून स्त्रियांना प्रवेश दिला होता. तरीही पहिल्या पिढीतल्या या दोघींना आपल्या भाषेपासून, आपल्या माणसांपासून हजारो मैल दूर जाऊन ती अक्षरे आणावी लागली. ज्या बाया परक्या पुरुषाला नाडीही दाखवत नसत त्यांना आपल्या भाषेत आपले दुखणे सांगता यावे, म्हणून हा सारा प्रवास होता.

*

आता पेडगावच्या फलाटावरून दुसऱ्या दिशेची गाडी पकडू. हैदराबादेत १८४६ साली निजाम नासिर-उद्-दौला यांच्या काळात, रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांच्या पुढाकाराने मेडिकल स्कूल निघाले. तेथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवले जाई आणि उत्तीर्ण होणाऱ्यास पदवी मिळे ती 'हकीम' ही. शिक्षण पाश्चात्त्य, शरीरशास्त्र पाश्चात्त्य, आणि पदवीचे नाव मात्र लोकांच्या तोंडी शतकानुशतके असलेले! मुंबईने माणसाच्या नावापुढे इंग्रजी अक्षरे लावली, तर हैदराबादने जुन्याच शब्दात नवा आशय भरला. भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावी अशी ही जागा आहे. १८८५ साली डॉ. एडवर्ड लॉरी तेथे आले. क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयीचे १८८८ आणि १८८९ चे दोन हैदराबाद आयोग त्यांच्याच काळातले. याच काळात शाळेत शिकवण्यासाठी इंग्रजीचा वापर सुरू झाला आणि मुलींनाही प्रवेश मिळाला. त्यांपैकी रूपाबाई फर्दूनजी १८८९ साली 'हकीम' झाल्या आणि भूल देण्याच्या शास्त्रात त्यांनी नाव मिळवले.

हैदराबादचा खरा मोठा प्रयोग पुढच्या शतकातला. १९१७ साली सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी उर्दू माध्यमाच्या विद्यापीठाचे फर्मान काढले, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि पाठ्यपुस्तकांसाठी भाषांतर विभाग उभा राहिला. औरंगाबादशी दीर्घ नाते असलेले मौलवी अब्दुल हक या विभागाचे सुरुवातीचे प्रमुख. पदार्थविज्ञान, रसायन, कायदा, अभियांत्रिकी या विषयांबरोबर वैद्यकाचे ग्रंथही उर्दूत आले. १९२०च्या दशकात जुन्या मेडिकल स्कूलचे उस्मानिया मेडिकल कॉलेजात रूपांतर झाले. मुसी नदीच्या १९०८च्या महापुरात अफझलगंजचे रुग्णालय उद्ध्वस्त झाले होते. त्याच्या जागी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत १९२५ साली पूर्ण झाली. या कॉलेजातून एम. बी. बी. एस. ही पूर्ण पदवी उर्दू माध्यमातून मिळू लागली. ती कनिष्ठ श्रेणीची सनद नव्हती; मुंबई–मद्रासच्या बरोबरीची पदवी होती.

म्हणजे मुंबईला जे साधले नाही ते हैदराबादने साधून दाखवले. भारतीय भाषेतून आधुनिक वैद्यक पदवीपर्यंत शिकवता येते, याचा पुरावा आपल्या मराठवाड्याच्याच राजधानीत दोन दशकांहून अधिक काळ उभा होता. या प्रयोगाचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. मुक्तिसंग्रामाच्या आठवणीत वाढलेल्या आपल्या पिढीला ते देणे जड जाते, पण म्हणून ते नाकारता येत नाही.

तरीही पेडगावचा प्रश्न सुटला नाही. निजामी राज्यात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास होते, मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा, आणि उर्दू मातृभाषा असलेले जेमतेम दहावा हिस्सा. राज्यकर्त्यांची भाषा देशी होती. बहुसंख्य प्रजेची ती नव्हती. पेडगाव–परभणी परिसरातल्या मराठी शेतकऱ्याच्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर आधी उर्दूत पारंगत व्हावे लागे, मग सव्वातीनशे–साडेतीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला जावे लागे. हे ओझे किती होते हे १९३८ साली दिसले. 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियातल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि विद्यापीठातून काढण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. शिक्षणासाठी राज्याबाहेर जाणे ही मराठवाड्याची सवयच झाली. मुंबई, पुणे, नागपूर या दिशांनी गेलेला मुलगा तेथे स्थिरावला, तर गावी परतणार कोण?

या साऱ्याचा एक भाषिक ठसा मात्र आपल्या बोलीत उरला. मराठवाड्यात आजही कोणी 'रुग्णालयात' जात नाही, 'दवाखान्यात' जातो. 'इलाज', 'दवापाणी', 'जखम', 'तब्येत', 'नाजूक हालत' हे शब्द केवळ निजामी राजवटीतले नव्हेत, त्याआधीपासूनचे आहेत. पण इकडे ते अधिक घट्ट रुजले. डॉक्टर रुग्णाकडून जी माहिती घेतो तिला खेड्यातला माणूस 'हकीगत' म्हणतो. हा शब्द मला इंग्रजीतल्या 'हिस्टरी'पेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण त्याच्या मुळाशी सत्य आहे. रुग्ण जे सांगतो ते खरे आहे, असे तो शब्द गृहीत धरतो.

*

१९३० आणि ४०च्या दशकांत ब्रिटिश हिंदुस्थानात अक्षरांचा वाद टोकाला गेला. १९१२ साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाले होते, आणि मेडिकल स्कुलांतले विद्यार्थी त्याची एल. सी. पी. एस. ही सनद घेत. हे सनदधारक म्हणजे खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेवेचा कणा. परंतु १९३३च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्याने अखिल भारतीय पातळीवर विचार केला तो फक्त पदवीधरांच्या अर्हतांचा. सनदधारक बाहेरच राहिले. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशातल्या ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी १७,६५४ पदवीधर आणि २९,८७० सनदधारक होते. म्हणजे दर पाचांतले तीन डॉक्टर 'कनिष्ठ'. समितीने बहुमताने ठरवले की यापुढे एकाच दर्जाचा, विद्यापीठाचा पदवीधर असा मूलभूत डॉक्टर तयार करावा. काही सदस्यांचा याला विरोध होता. देशाला डॉक्टरांची इतकी टंचाई असताना सनदीचा मार्ग बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे कॉलेज झाले.

हा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला जास्त शिकलेला, ही विभागणी कोणत्याही लोकशाहीत टिकू नये. परंतु सनदीबरोबर आणखी एक गोष्ट गेली : देशी भाषेतल्या वैद्यकशिक्षणाची जी काही उरलीसुरली परंपरा होती तीही. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर थोड्याच काळात उस्मानियातही उर्दूच्या जागी इंग्रजी आली. मुंबईत मराठीची पायरी खालची म्हणून मोडली, हैदराबादेत उर्दूची पायरी परकी म्हणून. दोन वेगळ्या कारणांनी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या. त्यानंतर भारतात वैद्यकाच्या पदवीची भाषा एकच उरली.

मराठवाड्याच्या वाट्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९५६ साली, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. १९७४ साली अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. परंपरेने आद्यकवी मानलेल्या मुकुंदराजांची समाधी जेथे आहे, आणि जेथे स्वामीजींनी शिक्षक म्हणून काम केले, त्याच गावी ग्रामीण भागासाठी डॉक्टर घडवण्याची कल्पना मूर्त व्हावी, हा योग मला महत्त्वाचा वाटतो. १९८८ साली नांदेड, २००२ साली लातूर. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ साली मिळाले होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिली तुकडी यायला २०२३ साल उजाडले. पिकांच्या डॉक्टरांनंतर माणसांचे डॉक्टर घडायला एक्कावन्न वर्षे लागली!

या मधल्या काळात पेडगावसारख्या गावांनी काय केले? जो मिळेल त्याच्याकडे गेले. 'आर. एम. पी.' ही तीन अक्षरे लावलेली पाटी मराठवाड्यातल्या कोणत्याही बाजारगावाने पाहिलेली आहे. १९३८च्या मुंबई कायद्याने आणि नंतर १९६१च्या महाराष्ट्राच्या कायद्याने वैद्य–हकिमांच्या नोंदणीची सोय झाली. आयुर्वेदाचे पदवी शिक्षण १९७०च्या केंद्रीय कायद्यानंतर देशभर एका चौकटीत आले. प्रत्यक्षात मात्र बी. ए. एम. एस. आणि होमिओपॅथीचे पदवीधर खेड्यातली आधुनिक उपचारांची गरज भागवत राहिले. १९९६ साली पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याचे शिक्षण ज्या पद्धतीचे नाही, त्याने ती औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय. कायद्याच्या दृष्टीने हे निर्विवाद आहे, आणि अर्हतेशिवाय उपचार करणाऱ्याचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण गावातला माणूस अशा डॉक्टरकडे का जात होता याचे उत्तर केवळ अंतर आणि पैसा यांत सापडत नाही. तो डॉक्टर त्याची हकीगत पुरती ऐकत होता. 'अंगात कसर', 'जीव घाबरा', 'पोटात कालवल्यासारखं' हे शब्द त्याला उलगडून सांगावे लागत नव्हते. 'काळजात कळ आली' असे कोणी म्हणाला, तर खाटकाच्या दुकानातले काळीज म्हणजे यकृत असले तरी बोलणाऱ्याच्या मनातले काळीज म्हणजे हृदय, हे त्याला अंगवळणी पडलेले होते. अर्हता एकीकडे आणि आकलन दुसरीकडे, अशी ही फारकत आहे. रुग्णाने यातून एकाची निवड का करावी?

आज ही फारकत नव्या रूपात समोर येते. शासकीय महाविद्यालयांतल्या एम. बी. बी. एस.च्या पंधरा टक्के आणि पदव्युत्तरच्या पन्नास टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. राज्यांतर्गत सत्तर–तीसचे प्रादेशिक सूत्र २०२० साली रद्द झाले. मराठवाड्यात महाविद्यालयेच थोडी असल्याने आपल्या मुलांवर अन्याय होतो, ही त्यामागची तक्रार रास्त होती. गुणवत्तेला प्रांताची कुंपणे नसावीत, हेही मान्य. पण मग दुसऱ्या राज्यातून आलेल्या गुणवंताने पेडगावच्या म्हातारीचे बोलणे समजून घेण्याची जबाबदारी कोणाची? २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेसाठी काही तास ठेवले आहेत आणि संवादकौशल्याला स्थान दिले आहे. ही सुरुवात चांगली आहे. परंतु त्या तासांना कोणते पुस्तक वापरायचे? 'तुमचे नाव काय' आणि 'जीभ दाखवा' एवढ्याने वारे जाणे आणि अंगावरून जाणे यांतला फरक कळत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने एम. बी. बी. एस.च्या पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत प्रकाशित केली आणि मराठीनेही तसे करावे अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. मागणी करणाऱ्यांनी आधी पेडगावच्या फलाटावर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहावे, असे मला वाटते. मुंबईचा मराठी वर्ग सांगतो की मातृभाषेला कमी दर्जाच्या अर्हतेशी जोडले की ती भाषा मरते. उस्मानिया सांगते की भारतीय भाषेत पूर्ण पदवी देता येते, पण ती भाषा रुग्णाची नसेल तर खाटेशी अंतर तेवढेच राहते. दोन्ही अनुभवांचा मथितार्थ एकच : डॉक्टरच्या पुस्तकाची भाषा कोणती हा प्रश्न दुसरा, डॉक्टरच्या कानाची भाषा कोणती, हा पहिला. पुस्तके इंग्रजीत असूनही कान मराठी असू शकतो. भाऊ दाजी आणि कुंटे ही त्याची उदाहरणे आहेत. उलट पुस्तके मराठीत येऊनही कान बहिरा राहू शकतो.

आणि हा कान घडवण्याचे काम वैद्यकाच्या प्राध्यापकांपेक्षा आपल्या विषयाचे अधिक आहे. बोलीभाषांवर आपल्याकडे प्रबंध होतात. मराठवाडी बोलीतले नातेवाचक शब्द, शेतीचे शब्द, शिव्यासुद्धा गोळा झाल्या आहेत. दुखण्याच्या शब्दांचा, वेदनेच्या प्रकारांचा, लाजेने आडून बोलल्या जाणाऱ्या बाईच्या आजारांचा, तालुकावार आणि अर्थभेदांसह केलेला कोश प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या हाती द्यावा, असे आपल्या किती मराठी विभागांना सुचले? विद्यार्थी घटतात, विभाग बंद पडतात, मराठीला उपयोजन नाही, अशी खंत आपण चर्चासत्रांतून व्यक्त करतो. उपयोजन परभणीच्या नव्या महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज सकाळी रांगेत उभे असते. पेडगावची बाई तेथे आपली हकीगत घेऊन आलेली असते. समोरचा डॉक्टर अर्हताप्राप्त आहे आणि ऐकायला तयारही आहे. त्या दोघांमध्ये जी जागा रिकामी आहे ती आपली आहे. हे कळत असूनही आपण न कळल्यासारखे करणार असू, तर ते वेड पांघरणेच झाले. आणि या वेळी तरी त्यातून कोणाचाच कार्यभाग साधणार नाही.